कुर्डुवाडीच्या शिवारातली शिंदी

पामची झाडं समुद्रकाठची, कुर्डुवाडीच्या कोरड्या माळावर ती कुठली, असं सर्रास बोललं जातं. सोलापूर जिल्ह्यातला कुठलाही जुना ओढा बघा, काठावर राखाडी झाक असलेल्या झावळ्यांची शिंदी उभी दिसेल. ती कोणी लावलेली नसते. शिंदी अस्सल पामकुळातली आहे आणि मूळची भारतीय उपखंडातलीच.

पामला थंडी सोसत नाही, हे नारळापुरतं बरंचसं खरं. पण कुमाऊँच्या डोंगरात सुमारे २,००० मीटर उंचीवर, जिथं हिवाळ्यात बर्फ पडतं, तिथं ट्रॅकिकार्पस टाकिल हा पाम रानात वाढतो. त्याचा चिनी भाऊबंद लंडनच्या बागांत उघड्यावर हिवाळा काढतो. शिंदीही उत्तरेतली कडक थंडी सोसते, मग आपल्याकडच्या गारठ्याचं तिला काय! आपल्या भागात नारळाचीही खरी अडचण पाण्याची आहे. उजनीच्या पाण्यावर भिजणाऱ्या उसाच्या बांधांवर तो तगतो.

शिंदीला खतपाणी घातलं की खजूर लागतो, हेही चूक. दोन्ही एकाच प्रजातीतल्या, पण जाती वेगळ्या. खजुराच्या बुंध्याशी पिल्लं फुटतात. शिंदी सहसा एकखोडी असते आणि तिच्या केशरी फळात गरापेक्षा बीच मोठी. एखादी शिंदी कधीच फळत नाही म्हणून तिला वांझ ठरवून तोडतात, हे तर फार वाईट. नर आणि मादी झाडं वेगळी असतात. नराचा पराग नसेल तर शेजारच्या माद्यांनाही फळ धरणार नाही.

बंगल्यापुढचा ‘सागो पाम’ मात्र पाम नाहीच. तो सायकस, फुलं न येणाऱ्या वनस्पतींतला. त्याच्या बिया विषारी असतात, लहान मुलांना आणि कुत्र्यांना जपावं.

सगळ्यात घातक समज म्हणजे शेंडा छाटला की शिंदी जोमानं फुटते. आंबा, लिंब फुटतात, कारण त्यांच्या फांद्यांवर डोळे असतात. शिंदीचा वाढीचा कोंब एकच, डोक्यात. तो गेला की झाड मेलं. खोडावरची जखमही कधी भरून येत नाही.

दिवाळीत लक्ष्मी म्हणून पुजली जाणारी केरसुणी याच झाडाच्या पानांची, आणि सुगरणीचे खोपे याच झावळ्यांना लटकतात. केरसुणीसाठी पानं घेताना मधला कोंब सोडा. गावात ओढा खोलीकरणाचं काम निघालं, तर पोकलेन येण्याआधी काठावरच्या शिंदी मोजून, खुणा करून ठेवा आणि त्या तशाच राखायला सांगा.