टोकरखाड्याची शाळा संपली, आता पुढे?

बारावीचा निकाल लागला की घराघरांत एकच प्रश्न उभा राहतो: आता पुढे काय? हा प्रश्न विचारणारे पुष्कळ असतात. त्याचे उत्तर शांतपणे शोधणारे थोडे. शेजारी एक सांगतात, मामा दुसरे सांगतात, आणि ज्याला शिकावयाचे त्याच्या मनात काय आहे हे बहुधा सर्वांत शेवटी विचारले जाते. सिल्वासातील टोकरखाडा येथील सरकारी उच्च माध्यमिक शाळेतून दरवर्षी मुले-मुली बाहेर पडतात. त्यांच्यापैकी कित्येकजण आपल्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारे पहिलेच असतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले.

आपला मुलूख शिक्षणाच्या वाटेवर उशिरा आला, हे प्रथम ध्यानात घ्यावे. दादरा व नगर हवेली १९५४ साली पोर्तुगीज अमलातून मुक्त झाली आणि ११ ऑगस्ट १९६१ रोजी भारतात विलीन झाली. २००१ च्या जनगणनेत येथील साक्षरता सुमारे ५८ टक्के होती. २०११ मध्ये ती ७६ टक्क्यांवर गेली. अवघ्या दहा वर्षांतील ही वाढ लहान नव्हे. परंतु याचाच दुसरा अर्थ असा की, आज कॉलेजला निघालेल्या कित्येक मुलांच्या आजीआजोबांना पाटीपेन्सिलही लाभली नव्हती. ज्या घरात वडील भाऊ वा काका कॉलेजात शिकून गेले, तेथे पुढच्या मुलास पुष्कळ गोष्टी न विचारता कळतात. पहिल्याला मात्र प्रत्येक गोष्ट विचारून घ्यावी लागते. त्यात लाज कसली? विचारणे हेच त्याचे पहिले शिक्षण होय.

कारखान्याचे फाटक आणि कॉलेजचे दार

आपल्याकडे या वयात आणखी एक मोह समोर उभा असतो. मसाट, पिपरिया, खडोली येथे कारखाने आहेत. अठरा वर्षे पुरी झालेल्या मुलास तेथे काम मिळू शकते आणि महिन्याच्या महिन्यास रोख पैसा हाती येतो. कॉलेज मात्र तीन-चार वर्षे पैसा मागते, देत काही नाही. गरिबाच्या घरी हा हिशेब क्षुल्लक नसतो, आणि जो बाप मुलास कामावर पाठवितो त्यास आम्ही दोष देणार नाही. श्रमाला कमीपणा नाही.

तथापि निर्णय घेण्यापूर्वी आईबापांनी एवढेच पाहावे की, आज ज्या कामावर मुलगा लागेल त्याच कामावर तो पंधरा वर्षांनी असेल काय? कौशल्याविना केलेल्या कामात वय वाढते, पगार त्या मानाने वाढत नाही. कमाई टाळणे खरोखरच अशक्य असेल, तरी शिक्षणाची दोरी तोडू नये. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ साली स्थापन झाले ते अशाच लोकांसाठी. काम सांभाळून तेथून पदवी घेता येते. तांत्रिक हाताच्या मुलास पॉलिटेक्निक वा आय.टी.आय.ची वाट आहे. ती वाट "नापासांची" समजणे हा आपल्या समाजातील जुना गैरसमज आहे.

जवळ की दूर?

पूर्वी कॉलेज म्हटले की वापीला जाऊन गाडी धरणे आलेच. आता तसे राहिले नाही. सायली येथे पुणे विद्यापीठाशी संलग्न असे एस.एस.आर. महाविद्यालय आहे, डोकमर्डी येथे डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम यांच्या नावाचे सरकारी महाविद्यालय आहे. आणि २०१९ पासून सिल्वासातच वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तेव्हा "मुंबईचे ते चांगले, गावचे ते हलके" असे डोळे झाकून ठरवू नये. आपणांस हवा तो विषय जवळ चांगला शिकविला जात असेल, तर घरची भाकरी खाऊन शिकण्यासारखे सुख नाही.

परंतु रोजच्या प्रवासाचाही हिशेब करावा. जाण्यायेण्यात दिवसाचे तीन तास गेले, तर आठवड्याचे अठरा तास बसमध्ये गेले. तेवढ्या वेळात एखाद्या विषयाचा सारा अभ्यास होतो. अशा वेळी वसतिगृह महाग वाटले तरी पुष्कळदा तेच स्वस्त पडते.

कोणतेही कॉलेज निवडताना तीन गोष्टी स्वतः जाऊन विचाराव्यात. ते कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे? ज्या अभ्यासक्रमास आपण नाव घालतो त्यास मान्यता आहे काय? संपूर्ण वर्षाची फी, परीक्षा-शुल्कासह, लेखी किती? "जागा पक्की करून देतो" म्हणून पैसे मागणाऱ्या दलालापासून चार हात दूर राहावे. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करीत असतो. शंका आली तर ती पाहावी. आयोगाने २०१८ साली असेही बजाविले आहे की, कोणत्याही संस्थेने विद्यार्थ्याचे मूळ दाखले अडकवून ठेवू नयेत. तेव्हा मूळ कागद दाखवावेत, नकला द्याव्यात, आणि मूळ कागद घरी आणावेत.

विषय निवडताना मित्राकडे पाहून निवडू नये. मित्र वर्षभरात बदलतो. विषय जन्मभर सोबत राहतो. १९ जुलैला कोणते फॉर्म निघतील याची वाट पाहत बसण्यापेक्षा बारावीच्या वर्षातच चौकशी करावी. कारण वैद्यकीयसाठी नीट, अभियांत्रिकीसाठी जेईई, आणि २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी अशा प्रवेशपरीक्षा आहेत, व त्यांच्या अर्जाची मुदत बारावीच्या निकालाआधीच संपलेली असते.

कागदपत्रांची पिशवी

प्रवेशाच्या खिडकीपाशी जितकी रडारड गुणांवरून होते, तितकीच कागदांवरून होते. आपल्या कुटुंबांत एक अडचण विशेष आढळते. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, आधार कार्डावर तिसरे! एखाद्या अक्षराचा फरक असला तरी शिष्यवृत्ती अडते. ही दुरुस्ती निकालानंतर नव्हे, निकालाआधी करावी. जातीचा, उत्पन्नाचा व रहिवासाचा दाखला मामलेदार कचेरीतून वेळेवर काढून ठेवावा. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावे बँकेत खाते असावे व ते आधारशी जोडलेले असावे. कारण सरकारी शिष्यवृत्तीचे पैसे आता थेट खात्यात येतात. २०१५ पासून राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर एकाच ठिकाणी पुष्कळ योजनांचे अर्ज करता येतात. आपल्या प्रदेशात निम्म्याहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे आहेत. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती हा त्यांच्या मुलांचा हक्क आहे, कोणाचा उपकार नव्हे.

कर्ज काढावयाचे झाल्यास सावकाराच्या दारी न जाता बँकेत जावे. चार लाख रुपयांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जास बँका साधारणतः तारण मागत नाहीत, आणि परतफेड शिक्षण संपल्यानंतर सुरू होते. मात्र व्याज पहिल्या दिवसापासूनच चढत असते हे विसरू नये. जेवढी गरज तेवढेच कर्ज घ्यावे. मोटारसायकलचे स्वप्न त्यात मिसळू नये.

दिवाळीनंतर अभ्यास चालणार नाही

शाळेत एक सवय जडलेली असते: दिवाळीपर्यंत मजा, नाताळानंतर अभ्यास, मार्चमध्ये परीक्षा. कॉलेजात हीच सवय घात करते. तेथे वर्षाचे दोन भाग असतात व प्रत्येक सत्रात शिकविण्याचे आठवडे पंधराच्या आसपास. म्हणजे ज्या सुमारास शाळेतला मुलगा पुस्तक उघडतो, त्या सुमारास कॉलेजातील पहिली परीक्षा उंबरठ्यावर आलेली असते. त्यातच वर्गातील चाचण्या व प्रयोगवह्या यांचे गुण निराळे. बहुतेक ठिकाणी ७५ टक्के हजेरीची अट असते. कॉलेजात कोणी कान धरून बसवीत नाही, यालाच काही मुले स्वातंत्र्य समजतात. पण हजेरीची वही मुकाट्याने आपले काम करीत असते.

म्हणून पहिल्या दिवसापासून एक नेम धरावा. उद्या जो धडा होणार तो आज एकदा वाचून जावा. आज जो झाला तो रात्री स्वतःच्या शब्दांत अर्ध्या पानात लिहावा. हा नेम कोणताही हुशार वा सामान्य मुलगा पाळू शकतो, आणि त्यास पैसाही लागत नाही.

इंग्रजीची भीती

मराठी वा गुजराती माध्यमातून गेलेल्या मुलांचे खरे दुखणे हेच. पहिल्याच तासाला अध्यापक इंग्रजीत बोलू लागतात आणि कालपर्यंत वर्गात पहिल्या बाकावर बसणारा मुलगा आज शेवटचे बाक शोधतो. कित्येक मुले पहिल्या सत्रात कॉलेज सोडतात ती बुद्धी कमी म्हणून नव्हे, तर "मला समजत नाही" हे सांगावयाची लाज वाटते म्हणून.

अशा मुलांस आम्ही फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण देऊ. ते इंग्लंडातून १५७९ साली गोव्यास आले, तेव्हा त्यांस मराठीचे अक्षरही ठाऊक नव्हते. तरुण वयात त्यांनी आपल्या लोकांत बसून, कान देऊन ही परकी भाषा आत्मसात केली. आणि १६१६ साली त्यांचे दहा हजारांहून अधिक ओव्यांचे क्रिस्तपुराण छापले गेले. एक इंग्रज मनुष्य मराठीत पुराण रचू शकतो, तर मराठी मुलगा इंग्रजीत एक प्रश्नपत्रिका का सोडवू शकणार नाही? विषय प्रथम मराठीत नीट समजून घ्यावा. मग त्यातील पारिभाषिक शब्द रोज आठ-दहा याप्रमाणे वहीत उतरवावेत. सहा महिन्यांत धुके विरते. आपली भाषा टाकून नव्हे, तिच्या खांद्यावर उभे राहून दुसरी शिकावयाची असते.

संगत, धाक आणि धीर

नव्या मुलांस छळण्याची दुष्ट चाल काही ठिकाणी अद्याप आहे. ती थट्टा नव्हे, गुन्हा आहे. महाराष्ट्राने १९९९ साली तिच्याविरुद्ध कायदा केला व विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली सर्व देशासाठी नियम केले. १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर रात्रंदिवस तक्रार करता येते. हा क्रमांक मुलाने आणि त्याच्या आईनेही लिहून ठेवावा.

मुलींविषयी एक शब्द. मुलगा नापास झाला तरी त्यास पुन्हा पाठवितात. मुलगी पास झाली तरी तिला घरी बसवितात. "लांब आहे", "काळ बरा नाही" अशी कारणे दिली जातात. काळजी खोटी नसते. परंतु काळजीचा उपाय चांगले वसतिगृह, ओळखीची सोबत आणि रोजचा एक फोन हा आहे. दार बंद करणे हा नव्हे.

आणि आईबापांनो, पहिल्या सत्राचे गुण कमी आले तर घाबरून जाऊ नका व मुलास घाबरवू नका. राहिलेला विषय पुन्हा देता येतो. खचलेले मन लवकर उभे राहत नाही. मूल बोलेनासे झाले, जेवेनासे झाले, तर रागावण्याआधी जवळ बसा. २०२२ पासून टेली-मानस नावाची सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर अशा वेळी विनामूल्य सल्ला देते. तिची मदत घेण्यात कमीपणा नाही.

मुलांनो, तुमची फी भरताना घरी काय काय मोडले हे तुम्हांस कोणी सांगणार नाही. महिन्यातून एकदा आपल्या खर्चाची वही वडिलांपुढे ठेवा आणि काय शिकलात ते आईला तिच्या भाषेत सांगा. तिला सर्व समजेलच असे नाही. पण आपले लेकरू शहाणे होत आहे एवढे तिला खचित समजेल. शिवाय तुमच्यामागून तुमची धाकटी भावंडे याच वाटेने येणार आहेत. तुम्ही विचारून घेतलेली प्रत्येक गोष्ट त्यांस आयती मिळेल. पहिल्याची वाट खडतर खरी. परंतु ती पडली की मागच्यांस पायवाट होते.