प्रारंभिक कंपवात आणि पूरक आहारद्रव्यांच्या चाचण्या : एक विवेचन

प्रस्तावना :
जेम्स पार्किन्सन या इंग्लिश वैद्यकतज्ज्ञाने इ. स. १८१७ मध्ये वर्णन केलेला आजार मराठीत कंपवात म्हणून ओळखला जातो. मेंदूतील डोपामिन निर्माण करणाऱ्या चेतापेशी क्रमाक्रमाने नष्ट होऊन कंप, ताठरपणा व हालचालींतील मंदपणा ही लक्षणे उद्भवतात. लेव्होडोपासारख्या औषधांनी लक्षणे सौम्य होतात. परंतु पेशींचा ऱ्हास थांबत नाही. पूरक आहारद्रव्यांनी हा ऱ्हास प्रारंभीच मंदावता येईल काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

चाचण्यांचा आढावा :
कंपवातात पेशींना ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिकांचे कार्य बिघडते, असे आढळल्यामुळे को-एन्झाइम क्यू-१० व क्रिएटिन या द्रव्यांकडे संशोधकांचे लक्ष वेधले गेले. क्यू-१० विषयीच्या अमेरिकेतील चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. दररोज १२०० मिलिग्रॅम मात्रा घेणाऱ्या रुग्णांची अवस्था निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपेक्षा कमी खालावली होती. मात्र एकूण रुग्ण ८० आणि गट चार असल्याने प्रत्येक गटात सरासरी २० रुग्णच होते.

म्हणून अमेरिका व कॅनडा येथे ६०० रुग्णांवर १२०० व २४०० मिलिग्रॅम मात्रांची चाचणी घेण्यात आली. लाभ सिद्ध होण्याची शक्यता उरली नसल्याचे मध्यंतरीच्या विश्लेषणात दिसून आल्याने २०११ मध्ये ती थांबविण्यात आली. दररोज १० ग्रॅम क्रिएटिनची चाचणी २००७ मध्ये सुरू झाली. तीत १,७४१ रुग्ण सहभागी होते. तीही याच कारणास्तव २०१३ मध्ये थांबली.

चाचणीपद्धतीचे महत्त्व :
कंपवाताची गती प्रत्येक रुग्णात भिन्न असते. त्यामुळे लहान गटांतील फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो. शिवाय उपचाराच्या आशेनेच काही काळ बरे वाटते. यास्तव रुग्णांची गटवारी यादृच्छिक असावी लागते आणि कोणास काय दिले, हे रुग्ण व तपासनीस या दोघांनाही अज्ञात ठेवावे लागते.

निष्कर्ष :
१. लहान चाचणीतील अनुकूल निष्कर्ष हा पुरावा नसून पुढील परीक्षणाचे निमित्त होय.
२. ही द्रव्ये वैद्यकीय चिठ्ठीविना मिळतात. तथापि सुरक्षित असणे म्हणजे परिणामकारक असणे नव्हे.
३. नकारात्मक निष्कर्ष हेही ज्ञानच आहे. ते रुग्णांपर्यंत न पोहोचल्यास अनेक कुटुंबे पैसा व आशा दोन्ही व्यर्थ खर्च करीत राहतील.