उंबरठ्याशी अडलेले पाऊल

लोधिवलीच्या आमच्या घरात अण्णा गेली चार वर्षे उंबरठ्यापाशी अडतात. पायांत बळ आहे, समज शाबूत आहे; पण पाऊल जमिनीला चिकटल्यासारखे होते. एकदा मी उंबरठ्याअलीकडे खडूने आडव्या रेघा ओढल्या, तर त्या एकेक ओलांडत ते सरळ बाहेर गेले. मग अडत होते ते काय?

मध्यमेंदूत काळपट चेतापेशींचा एक पट्टा असतो. लॅटिनमध्ये त्याला 'सबस्टॅन्शिया नायग्रा', म्हणजे काळा पदार्थच म्हणतात. या पेशी डोपामिन पुरवतात; पार्किन्सनमध्ये, म्हणजे आपल्या कंपवातात, त्या मरत जातात.

हे उमगण्यात सर्पगंधेचा वाटा आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली तिचा रक्तदाबावरील गुण ब्रिटिश नियतकालिकात मांडला. पुढे तिच्यातून रेसर्पिन वेगळे निघाले. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी ते सशांना दिले, तर ससे निपचित पडले. मग डोपामिनचा कच्चा माल असलेले एल-डोपा टोचताच थोड्या वेळात ते पुन्हा हिंडू लागले. हे १९५७ साली प्रसिद्ध झाले. नोबेल मात्र २००० साली मिळाले!

२०१८ साली उंदरांवर झालेला प्रयोग मला अण्णांच्या जास्त जवळचा वाटतो. उंदीर आपणहून हलण्याच्या क्षणभर आधी यांतल्या कित्येक पेशी जाग्या होतात. तो स्वस्थ असताना त्या दाबल्या, तर हालचाल सुरू होणे अवघड जाते. चालू लागल्यावर दाबल्या, तर तो थांबत नाही. म्हणजे खोटी आहे ती सुरुवातीची. डोळ्यांना रेघ दिसली, की मेंदू बहुधा दुसऱ्या वाटेने पाऊल उचलतो.

आता कुंपणावरची खाजकुयली. तिच्या बियांत एल-डोपा असते. मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ साली ते दाखवले. मुंबईत अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी ती कंपवाताच्या रुग्णांना देऊन पाहिली, १९७८ साली. शेजारचे काका म्हणालेच, "अरे, बियांची पूड दुधातून दे की!" मोह झाला. पण अण्णांच्या गोळीतही तेच द्रव्य आहे, आणि बियांत ते किती उतरेल याचा नेम नाही. जास्त झाले तर अंग आपोआप वळवळू लागते. डॉक्टरांनी नको म्हटले.

खडू मात्र घरात संपू देत नाही. लादी पुसली, की रेघा जातात. अण्णा चहाला उठायच्या आत मी त्या पुन्हा ओढतो.