लेण्यांची चढण आणि पोटरीतला गोळा

फर्दापूर तिठ्यावरून बसने अजिंठ्याच्या लेण्यांशी उतरलं की पायऱ्या लागतात. तिथे धाप लागणं साहजिक. पण ठरावीक अंतर चालल्यावर पोटरीत गोळा यावा, थोडं थांबलं की जावा आणि पुन्हा तितकंच चालल्यावर यावा, हे निव्वळ वयाचं दुखणं नव्हे. पायाची धमनी अरुंद झाल्याची ती खूण असू शकते.

धमनीला आतून पेशींचं एकेरी अस्तर असतं. ते नायट्रिक ऑक्साइड बनवतं. त्याने वाहिनी सैलावते, रक्ताच्या गुठळ्या सहज धरत नाहीत. (या वायूच्या कार्याच्या शोधाला १९९८चं नोबेल मिळालं.) विडीचा धूर, मधुमेह, उच्च रक्तदाब यांनी अस्तर बिघडलं की एलडीएल कोलेस्टेरॉलचे कण भिंतीत अडकतात आणि तिथे त्यांचं ऑक्सिडीकरण होतं. संरक्षक पेशी असे कण गिळत सुटतात, चरबीने फुगतात आणि थर साचत जातो. हेच कण नायट्रिक ऑक्साइडही घटवतात, म्हणजे दुहेरी मार.

मग ऑक्सिडीकरण रोखणाऱ्या अँटिऑक्सिडंट गोळ्या, उदाहरणार्थ ई जीवनसत्त्व, घ्याव्यात? तर्क मोहक आहे, पण ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या चाचण्यांत हृदयविकाराचे झटके घटले नाहीत. तंबाखू सोडणं, डॉक्टरांनी दिलेलं, कोलेस्टेरॉल घटवणारं स्टॅटिन आणि दुखेपर्यंत चालून, थांबून, पुन्हा चालण्याचा व्यायाम यांचा उपयोग मात्र सिद्ध झाला आहे.

तपासणी सोपी: घोट्याचा रक्तदाब दंडाच्या ०.९ पट किंवा कमी भरला, तर आजार धरतात. मधुमेह्यांच्या कडक धमन्यांत हा आकडा फसवतो. पाय बसल्याजागी दुखू लागला, गार पडला किंवा जखम भरेना, तर छत्रपती संभाजीनगरच्या घाटीसारखं मोठं रुग्णालय तातडीने गाठावं.