जमिनीखालील आंधळी मुंगी

रात्रीं दिव्यावर कधीं कधीं एक तपकिरी, लवदार, सुमारें इंचभर लांबीचा पंखवाला किडा येऊन आदळतो. त्याचें पोट लांबट व फुगीर असतें. लोक त्यास गांधीलमाशी समजून मारतात. वस्तुतः तो मुंगीचा नर होय. या मुंग्यांच्या गटास शास्त्रांत ‘डोरिलस’ असें नांव आहे.

या नरानें पंडितांसही चकविलें. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानें १७६४ सालीं आफ्रिकेंतील असाच एक नर गांधीलमाशी म्हणून नोंदविला. पुढें १८३९ मध्यें वेस्टवुड या इंग्रज कीटकशास्त्रज्ञानें याच कुळांतील कामकरी मुंग्यांस ‘टिफ्लोपोन’ असें निराळें नांव दिलें. एकाच घरचीं माणसें दोन खात्यांवर चढावीं, तसा हा प्रकार झाला. नर हवेंत दिसतो, कामकरी मुंगी मातींत राहते, आणि दोघांच्या रूपांत काडीचेंही साम्य नाहीं.

कामकरी मुंग्या पिंवळट तांबूस व लहानमोठ्या आकारांच्या असतात. त्यांस डोळे मुळींच नसतात. राणीही आंधळी असून तिला पंख नसतात. एकटी मुंगी भक्ष्य शोधावयास जात नाहीं. सर्व फौज भुयारांतून चालते. या कुळांतील एका जातीचा शोध मलेशियांत व बोर्निओंत घेतांना भोकें पाडलेल्या बादल्या मातीनें भरून जमिनींत पुरल्या व त्यांत पाम तेलाचें आमिष ठेविलें. मुंग्या कायमच्या भुयारी वाटांनीं त्या आमिषावर येतात, असें या संशोधनांत दिसून आलें. तें २००२ मध्यें प्रसिद्ध झालें.

शेतकऱ्यानें येथें एक भेद ओळखला पाहिजे. आपल्या देशांत या गटाच्या ‘लॅबिएटस’ व ‘ओरिएंटॅलिस’ अशा दोन जाती आहेत. पहिली शिकारी आहे. वाळवी, इतर मुंग्यांचीं पिलें व मातींतील किडे हें तिचें भक्ष्य. दुसरी मात्र बटाटा, भुईमूग वगैरे पिकांस पोखरते. आसामकडील बटाट्याच्या शेतांत तिचा उपद्रव प्रसिद्ध आहे. नुसत्या डोळ्यांनीं दोन्ही जाती वेगळ्या ओळखणें कठीण आहे.

म्हणून खणतांना तांबूस मुंग्या दिसल्या एवढ्यावरून विष ओतूं नये. प्रथम पीक उपटून पाहावें. बटाट्यास भोकें पडून आंत मुंग्या असतील, तर त्यांस शत्रु समजावें, व तयार पीक जमिनींत रेंगाळूं न देतां वेळेवर काढावें. मुळें व कंद निर्दोष असतील, तर त्या मुंग्यांस त्यांचें काम करूं द्यावें. राणी खोल असल्यामुळें वरच्या मुंग्या मारून वसाहत मोडत नाहीं. वाळवीचा वैरी मात्र फुकट मारला जातो.