धारा नगरीतून समुद्राकडे

दिवाळीचा फराळ संपत आला की धार-देवासच्या मराठी घरांत सहलीचे बेत रंगू लागतात. अठराव्या शतकात पवारांबरोबर माळव्यात आलेली ही घरं आता पक्की माळवी झाली आहेत. सकाळच्या पोह्यांवर शेव आणि जिरावण हवंच. सुटी लागली की मन मात्र कोकणाकडे ओढ घेतं. इंदूरहून निघायचं, मजल-दरमजल करत घाट उतरायचा आणि किनाऱ्यावरच्या हॉटेलाच्या फाटकाशी थांबायचं. समुद्राला आपण असं नेहमी जमिनीच्या बाजूनेच भेटतो. पण पुळणी, खडक, खाडीची मुखं आणि किल्ले हे सगळं घडलं आहे ते समुद्राच्या बाजूने. ते नीट पाहायचं तर लहान शिडाच्या जहाजातून, वाऱ्याच्या चालीने जायला हवं. परदेशात अशा सफरी चांगल्याच रुजल्या आहेत. माळव्यातल्या वाचकाला विशेष वाटावं ते हे, की सहलीसाठी जहाज कसं असावं याचा विचार धारच्याच राजाच्या नावावर असलेल्या एका ग्रंथात केलेला आहे.

भोजाचं नौकाशास्त्र

अकराव्या शतकात परमार राजा भोजाने धारा नगरीतून राज्य केलं. वास्तुशास्त्रापासून काव्यशास्त्रापर्यंत अनेक ग्रंथ त्याच्या नावावर आहेत. त्यांतल्या ‘युक्तिकल्पतरू’ या संस्कृत ग्रंथात नौकांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. राधाकुमुद मुखर्जी यांनी १९१२ साली भारतीय नौकानयनाचा इतिहास लिहिला, तेव्हा त्यांनी हे प्रकरण सविस्तर उलगडलं आणि अभ्यासकांचं लक्ष त्याकडे गेलं.

सुरुवात लाकडापासून होते. वृक्षांचे गुणांनुसार चार वर्ग पाडले आहेत. हलकं, टणक आणि दुसऱ्या लाकडाशी न जुळणारं ते ‘क्षत्रिय’ लाकूड. जहाजासाठी ते उत्तम. एकाच जहाजात दोन वर्गांची लाकडं मिसळू नयेत, तसं केलं तर जहाज पाण्यात लवकर कुजतं आणि थोड्याशा धक्क्यानेही फुटतं, असा इशारा आहे. त्यानंतर येतात मापं. साधारण नौकांचे दहा प्रकार आहेत. सर्वांत लहान ‘क्षुद्रा’ सोळा हात लांब, चार हात रुंद आणि चार हात उंच, म्हणजे आजच्या हिशेबाने साधारण चोवीस फूट लांबीची. समुद्रात जाणाऱ्या विशेष नौकांचे ‘दीर्घा’ आणि ‘उन्नता’ असे दोन गट आहेत. तळाच्या फळ्या जोडताना लोखंड वापरू नये, कारण समुद्रातले चुंबकी खडक जहाज ओढून घेतील, असंही सांगितलं आहे. चुंबकी खडकांची समजूत आज कोणी धरणार नाही. तरी तिच्यामागे लोखंडाशिवाय, काथ्याने शिवून जहाजं बांधण्याची अरबी समुद्रातली जुनी रीत आहे. शिवलेलं जहाज लाटेबरोबर किंचित लवतं, त्यामुळे वाळूवर टेकताना किंवा फेसाळत्या लाटांतून किनाऱ्याला लागताना ते धक्का सोसतं.

सहलीच्या दृष्टीने सर्वांत रंजक भाग आहे तो खोल्यांचा. ‘सर्वमंदिरा’ नौकेत या टोकापासून त्या टोकापर्यंत खोल्या. राजाचा खजिना, घोडे आणि स्त्रिया यांची ने-आण तिच्यातून. ‘अग्रमंदिरे’त खोली नाळेकडे, म्हणजे पुढच्या बाजूला, ती लांबच्या प्रवासाला आणि लढाईला. आणि ‘मध्यमंदिरे’त खोली मधोमध, ती राजाच्या विहारासाठी. माल, युद्ध आणि विहार असे तीन वेगळे उद्देश, आणि उद्देशाप्रमाणे खोलीची वेगळी जागा. मधली जागा विहाराला का, हे बोटीत बसलेल्या कोणालाही कळेल. लाटेवर जहाजाची दोन्ही टोकं वरखाली होतात आणि मध्य सर्वांत कमी हलतो. बोट लागणाऱ्या प्रवाशाला आजही मध्यावरच बसायला सांगतात.

रंगांचाही नियम आहे. चार डोलकाठ्यांच्या जहाजाला पांढरा रंग द्यावा, तीन असतील तर तांबडा, दोन असतील तर पिवळा आणि एक असेल तर निळा. नाळेवर सिंह, हत्ती, वाघ, साप, पक्षी, बेडूक अशी मुखं बसवावीत.

नर्मदेची वाट

समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या धारेत नौकांचा ग्रंथ कसा, असं वाटू शकतं. त्याचं उत्तर नकाशावर आहे. धार जिल्ह्यात धरमपुरीला नर्मदा आहे, देवास जिल्ह्यात नेमावरला नर्मदा आहे. अमरकंटकपासून सुमारे १,३१२ किलोमीटर वाहून ती भरूचच्या पुढे खंभातच्या आखाताला मिळते. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात उज्जैनचा माल भरूच बंदरात उतरत असल्याची नोंद आहे. त्यात अकीक आणि गोमेदासारखे खडे होते, मलमल आणि सुती कापड होतं. आखातातल्या भरती-ओहोटीचा जोर एवढा, की राजाच्या सेवेतले स्थानिक कोळी लांब होड्या घेऊन परकी जहाजांना सामोरे जात आणि वाट दाखवत, असंही त्यात लिहिलं आहे. उज्जैन आणि देवास तर शेजारी. माळव्याचं पठार अशा रीतीने फार पूर्वीपासून समुद्राशी जोडलेलं आहे.

हा समुद्र आजही अनेक मराठी माणसं लहान बोटीतून ओलांडतात. नर्मदा परिक्रमेत दक्षिण तटावरून चालत मुखाजवळच्या विमलेश्वर परिसरात पोचायचं आणि तिथून बोटीने उत्तर तटावरच्या मिठी तलाईला जायचं, असा क्रम आहे. बोट सुटण्याची वेळ भरती ठरवते. पुरेसं पाणी चढल्याशिवाय ती गाळातून निघतच नाही, मग ती वेळ मध्यरात्रीची असली तरी परिक्रमावासींना तयार राहावं लागतं. या आखातात भरतीचं पाणी काही ठिकाणी दहा मीटरच्या आसपास चढतं. घड्याळ बाजूला ठेवून चंद्राच्या हिशेबाने वागणं ही जलप्रवासाची पहिली शिस्त, आणि ती परिक्रमेत आपोआप अंगी लागते.

दोन वारे, एक किनारा

कोकणात दुसरी शिस्त शिकावी लागते, ती वाऱ्याची. दिवसा जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून खारा वारा येतो. रात्री जमीन लवकर निवते आणि जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहू लागते. शाळेच्या भूगोलातला हा धडा शिडाच्या होडीत पाऊल टाकलं की खरा होतो. किनारा दक्षिणोत्तर पसरलेला असल्याने हे वारे बहुधा जहाजाच्या बाजूने लागतात, आणि शीड बाजूच्या वाऱ्यावर छान चालतं. पावसाळा संपल्यावर दुपारचा वारा वायव्येकडे झुकतो, म्हणून दक्षिणेकडे जाणं सोपं. उत्तरेकडे यायचं तर पहाटेच्या मतलईवर, किनारा धरून यायचं. मचवे, गलबतं आणि शिबाडं शतकानुशतकं याच हिशेबाने फिरली.

मालवण ते निवती हा टापू यासाठी आदर्श आहे. रस्त्याने गेलं तर कर्लीच्या खाडीला वळसा पडतो. पाण्यावरून मात्र सगळं एका रांगेत उलगडत जातं. आधी कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग, ज्याच्या बांधकामाला १६६४ साली सुरुवात झाली. मग तारकर्लीची लांब पुळण. मग नदी आणि समुद्र यांच्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेलं देवबाग, कर्लीचं मुख, भोगवे, आणि शेवटी निवतीचा किल्ला. समुद्रात वेंगुर्ला रॉक्सचं दीपगृह दिसतं. तिथल्या गुहांत पाकोळ्यांची घरटी आहेत.

पुळणीवर उतरण्याचीही एक रीत असते. जहाज पुरेशा खोल पाण्यात, वाळूचा तळ पाहून नांगर टाकतं. वाळूत नांगर धरतो. प्रवाळावर टाकला तर प्रवाळ मोडतं. लहान होडी खाली सोडतात. होडीवाला लाटा बघत थांबतो. मोठ्या लाटांची रांग सरली की जरा उसंत मिळते, तेवढ्यात तो वल्ही मारून होडी वाळूवर चढवतो. तिचं तोंड लाटेला आडवं झालं तर ती उलटते, म्हणून सारं कसब ती सरळ ठेवण्यात. कोकणच्या बोटींच्या जमान्यात धक्का नसलेल्या बंदरांत उतारू असेच पडावांतून किनाऱ्याला लागत.

जगातली आणि आपली शिडं

स्वीडिश उद्योजक मिकाएल क्राफ्ट यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ‘स्टार फ्लायर’ आणि ‘स्टार क्लिपर’ ही जहाजं पाण्यात उतरवली. प्रत्येकाला चार डोलकाठ्या, सोळा शिडं आणि साधारण एकशे सत्तर प्रवाशांची सोय. दोन्ही पांढरी आहेत. युक्तिकल्पतरूच्या नियमाशी हा रंग आपसूक जुळला आहे. कॅरिबियन बेटांतल्या लहान उपसागरांत ती नांगर टाकतात आणि प्रवासी होड्यांनी पुळणीवर जातात. याउलट २०२४ साली सुरू झालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या महाकाय जहाजात सात हजारांहून अधिक प्रवासी मावतात. एवढं जहाज मोठा धक्का असलेल्या बंदरातच लागू शकतं आणि तिथे उतरणारी गर्दी गावाला झेपत नाही. लहान जहाजाचे प्रवासी एका गावच्या खानावळीत जेवू शकतात, आणि पैसा त्या गावातच राहतो.

जहाजं बांधणारे आणि हाकणारे आपल्याकडे आहेत. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेवरून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय. त्याच कारखान्यातल्या ‘तारिणी’वरून नौदलाच्या सहा महिला अधिकारी २०१७-१८ मध्ये जग फिरून आल्या. आणि अजिंठ्याच्या चित्रावरून, काथ्याने फळ्या शिवून बांधलेली ‘कौंडिण्य’ २१ मे २०२५ रोजी कारवारला नौदलात दाखल झाली. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली गोव्याच्या होडी इनोव्हेशन्सने ती बांधली. भोजाच्या ग्रंथातली लोखंडाविना जोडणी अशी पुन्हा पाण्यावर आली.

कोकणाला मध्यमंदिरा हवी

कारागीर आहेत, वारा आहे, पुळणी आहेत. मालवण-निवतीसारख्या टापूत वीस-पंचवीस प्रवाशांची, गावच्या तांडेलांनी चालवलेली शिडाची जहाजं ऑक्टोबर ते मे फिरू लागली, तर कोकणाच्या पर्यटनाला योग्य दिशा मिळेल. बांधण्या-हाकण्याचं कसब रोजगार देईल आणि इंजिनाचा धूर-आवाज बहुतांश टळेल. अटी मात्र कडक हव्यात. प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट. मालवणच्या सागरी अभयारण्यात नांगरासाठी ठरवून दिलेल्या जागा. वेळाससारख्या कासवांच्या किनाऱ्यावर विणीच्या काळात रात्री दिवे आणि गोंगाट बंद. मासेमारीची जाळी जिथे लागतात तिथून वाट सोडून जाणं.

धार-देवासच्या वाचकांनी यंदा कोकणात गेल्यावर एक करावं. मोटारबोटीच्या फेरीचं तिकीट काढण्याआधी गावात विचारावं, की शिडावर नेणारा कोणी आहे का. मागणी वाढली तर शिडंही वाढतील. आणि असं पहिलं सहलीचं जहाज कोकणात बांधलं गेलं, तर त्याला ‘मध्यमंदिरा’ हे नाव द्यावं. त्या नावावर धारा नगरीचा हक्क आहे.