फोनच झाला माऊस

लॅपटॉप टीव्हीला जोडून सिनेमा लावला, की आवाज कमी करायला दर वेळी उठावं लागतं. केडीई कनेक्ट हे मोफत अ‍ॅप फोन आणि संगणक दोन्हींवर टाकलं, की फोनची काचच टचपॅड होते. दोघं एकाच वायफायवर हवेत. मग फोन ‘कुणी आहे का?’ अशी हाळी देतो आणि संगणक ओ देतो. बोटाची हालचाल राउटरमार्गे घरातल्या घरात जाते, त्यामुळे इंटरनेट गेलं तरी अडत नाही. जोडी जमवताना दोन्ही पडद्यांवरचा संकेतांक एकच आहे ना, हे पाहाच. पुढचा संवाद कूटबद्ध असतो. संगणक दिसतच नसेल, तर बहुधा फायरवॉल आडवी येते: १७१४ ते १७६४ ही पोर्ट मोकळी करा. पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर मात्र उपकरणांना सहसा एकमेकांशी बोलूच देत नाहीत.